तळाच्या फळ्या

१२ ऑक्टोबर, रविवार

सप्टेंबरच्या पुरानं पुलाचा मधला गाळा उचलून नेला, तेव्हापासून आमचं कोल्हेथडी गंगेच्या अलीकडं अडकून पडलंय. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. पलीकडं सावरथडी. हायस्कूल तिकडं, दवाखाना तिकडं, परभणीची बस तिकडं, माझी ब्लाऊजची निम्मी गिऱ्हाइकं पण तिकडंच. रस्त्यानं जायचं तर गंगाखेडच्या पुलावरून वळसा. त्यात अर्धा दिवस जातो.

आज ह्यांनी लिंबाखालची जुनी नाव मोकळी केली. ह्यांची चाकणची कंपनी श्रावणात बंद पडली, तेव्हापासून घरीच आहेत. नाव माझ्या सासऱ्यांची, आश्रुबामामांची. मी लग्न होऊन आले तेव्हा मामा नव्हते. पुरात गेले एवढंच मला ठाऊक, आणि त्या वेळी हे दहा वर्षांचे होते, आजोळी होते. त्यानंतर पूल झाला आणि नावेवर कडबा, तुराट्या, कोंबड्यांचं खुराडं असं रचत गेलं. आज ते सगळं उतरवून हे खाली उभे राहिले आणि म्हणाले, "दुरुस्त करतो. पोरी शाळेला जातील."

मी म्हणले, "आधी कंपनीत कुणाला तरी फोन लावून बघा."

मला हे पटलेलं नाही. पण तीन महिन्यांत आज पहिल्यांदा ते जेवताना दोन शब्द बोलले, म्हणून गप्प बसले.

हे सगळं मापांच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहायलेय. पुढं गिऱ्हाइकांची छाती-कंबर, मागं माझी डोकेदुखी.

१९ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीची शिलाई अंगावर आलीय. मशीनवरून मान वर काढली की खिडकीतून हे दिसतात. वल्हं काचेनं तासून इतकं गुळगुळीत केलंय की लाटण्यासारखं वाटतं.

आमची साक्षी दहावीला. शाळेतल्या बाई मोबाइलवर गृहपाठ पाठवतात. रेंज आली तर येतो. एसटी वळसा घालून कधी येते, कधी येतच नाही. आली तरी पोरी पोचेपर्यंत निम्मी शाळा झालेली असते.

दुपारी भुजंगभाऊजी आले. ह्यांचे चुलतभाऊ, गल्लीच्या तोंडाशीच राहतात. नावेला हात न लावता दुरूनच बघितली. मला म्हणाले, "वैनी, ह्या लाकडाचं कायी भलं व्हायचं न्हाई. मला द्या, गोठ्याला लावतो."

मी म्हणले, "तुमच्या भावाला विचारा."

त्यांनी विचारलं नाही. त्यांची मनिषा साक्षीच्याच वर्गात आहे. पूल गेल्यापासून ती एकदाही शाळेत गेलेली नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

नावेला हिरवा रंग झाला. पुढच्या टोकाला, नाळेवर, पांढऱ्या अक्षरात 'गंगामाय' लिहिलं. बसायच्या दोन आडव्या फळ्या नव्या बसवल्या. लांबून बघावं तर आताच सुताराकडून आल्यासारखी दिसते.

पण तळ? तळाच्या फळ्यांत बोट घातलं तर आत जातं. मी म्हणले, "भिंती पडायला आल्या आणि तुम्ही दाराला रंग लावायलाव. ही कोणती रीत?" म्हणाले, "हळूहळू." मी म्हणले, चार माणसं बोलावून उपडी करू, म्हणजे तळ उघडा पडेल. तर उठून दुकानाकडं निघून गेले.

रंगाचा डबा धुवायला गंगेवरून कळशीभर पाणी आणा म्हणले, तर बोअरचं आणलं. बोअरचं पाणी चांगलं असतं म्हणे. डबा धुवायला चांगलं पाणी! या माणसाचं मला काही कळत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

शेवटी मीच गल्लीतली चार माणसं बोलावून नाव उपडी करून घेतली. हे नेमके सकाळीच झरीला पाहुण्याकडं गेलेले. उद्या-परवा येतो म्हणाले.

वरून हिरवीगार आणि खाली भुसा.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

हे चाकणला गेले. जुन्याच साहेबानं दुसऱ्या कंपनीत बोलावलं. आनंद व्हायला हवा, आणि झालाही. पण निघताना, बॅग खांद्याला लावून, नावेकडं न बघता म्हणाले, "राहू दे ते आता. भुजंगाला देऊन टाक."

"आणि पोरी?"

"पूल करायलेत की."

पुलाचं काम म्हणजे नदीत अर्धे उभे दोन खांब आणि काठावर गंजलेल्या सळया. ठेकेदार दिवाळीआधीच गेला तो गेला.

आज लय राग आलाय. घरकुलाची भिंत अर्धी, बांधावरचं कुंपण अर्धं, आणि आता ही नाव. नाव दिसते त्या खिडकीला साक्षीनं ओढणी लावून टाकली.

३० नोव्हेंबर, रविवार

गंगाखेडला माझ्या भावाकडं साक्षीला ठेवावं असं मनात होतं. भावजय बाळंतीण, दोन खोल्या, त्यात तिची आई आलेली. भाऊ 'ठेव की' म्हणाला, पण कसं म्हणाला ते मी ऐकलं. परत आले.

येताना भुजंगभाऊजी भेटले. मनिषाचं काय म्हणून विचारलं. म्हणाले, "आता कशाची परीक्षा? घरीच ऱ्हाऊ द्या. एखादं स्थळ बी बघायलोय." पोरगी दारात उभी राहून ऐकत होती.

घरी येऊन मशीनवर बसले, पण धागा ओवता येईना.

३ डिसेंबर, बुधवार

आज निर्णय घेतला. नाव पुरी करायची.

सकाळी तळाजवळ बसून नीट बघितलं. सगळंच काही गेलेलं नाही. मधल्या फळ्या आणि नाळेकडचा एक तुकडा, एवढंच कुजलंय. बाकीचं सागवान अजून खणखणीत वाजतं. उसवून नवी पट्टी लावायची, एवढंच. ते तर मी रोज करते.

कुजलेल्या भागावर जुना पेपर ठेवून कात्रीनं माप काढलं, ब्लाऊजचं पेपर कटिंग करतात तसं. लाकडासाठी घराचं मागचं दार काढलं. सागवानीच आहे. त्या जागी पत्रा ठोकला. महारुद्र सुतारानं पेपर बघून विचारलं, "हे कोणाचं पोलकं हाय?" पण फळ्या बरोबर कापून दिल्या.

माझ्या सासूबाई ओट्यावरून सगळं बघत होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. म्हणाल्या, "बाईनं नावंला हात लावू न्हाई."

मी हातोडी खाली ठेवली नाही. थोड्या वेळानं पुन्हा आवाज आला, "खिळा कडंला नको मारू. फळी चिरंल."

१४ डिसेंबर, रविवार

फळ्या बसल्या. आता फटी. सुती चिंध्या पिळून, डांबरात भिजवून, छिन्नीनं फटीत ठोकायच्या, हे आत्याबाईंनी सांगितलं. चिंध्यांची मला काय कमी? अस्तराची कात्रणं पोतंभर आहेत. लाल, आमसुली, मोरपंखी. गावातल्या सगळ्या बायकांचं अस्तर आता नावेच्या पोटात आहे.

पण त्यापायी आज नुकसान झालं. कुसुमबाईंच्या सुनेच्या लग्नातल्या ब्लाऊजवर डांबराचा अंगठा उमटला. रॉकेलनं पुसलं तर डाग पसरला. कापड परत आणून शिवून देते म्हणले. कुसुमबाई म्हणाल्या, "राजेश्री, तू आधी ठरीव, तू शिवणार हायस का नाव हाकणार हायस?"

घरी येऊन सगळा राग आत्याबाईंवर काढला. "तुमच्या लेकानं वरून रंग लावला आणि पळून गेले. खालची घाण माझ्या गळ्यात."

आत्याबाई तूर पाखडत होत्या. सूप थांबलं.

"पळाला न्हाई त्यो," त्या म्हणाल्या. "त्याला पाण्याकडं जाताच येत न्हाई."

"म्हणजे?"

"बाप गेला तवा त्यो ह्याच नावंत व्हता."

मी म्हणले, ते तर आजोळी होते.

"आजोळी आमी सांगितलं. लोकं लय इचारायचे त्याला, कसं झालं, बाप कसा गेला. पोरगं मुकं व्हायची येळ आली. म्हून सांगितलं, त्यो इथं नव्हताच." सुपातली तूर त्या बोटांनी सारखी करत होत्या. "नाव खडकावर आदळून कलंडली. तुज्या सासऱ्यानं ह्याला उचलून बाभळीच्या फांदीला अडकवला आन् नावंतल्या दुसऱ्या माणसाला काढायला फिरला. पोरानं फांदीवरून सगळं बगितलं. नाव चार कोसावर घावली, बैलगाडीत घालून आणली. मी मोडू दिली न्हाई."

"कामून?"

"ठाव न्हाई," म्हणाल्या, आणि पुन्हा पाखडायला लागल्या.

सतरा वर्षं झाली लग्नाला. हे कधी गंगेवर अंघोळीला आले नाहीत. थंडी बाधते म्हणायचे, मी पण लोकांना तेच सांगायची. इतकी वर्षं मला सांगितलं नाही याचा आधी राग आला. मग ते वल्हं आठवलं. किती दिवस तासत बसले होते ते.

उद्या नाळेकडच्या फटी भरायच्या.

७ जानेवारी, बुधवार

ठेकेदाराचं मशीन आलं. सगळं गाव काठावर. पिवळ्या मशीननं दिवसभर गाळ उपसला आणि भुजंगभाऊजींनी स्वतःच्या खर्चानं ड्रायव्हरला चहा पाजला. परत जाताना आमच्या अंगणात थांबले. "उन्हाळ्यापस्तोर पूल व्हतोय, वैनी. आता खामखा कशाला जीव काढता?"

खरं सांगायचं तर आज छिन्नी उचलवली नाही. हातांना डांबराच्या भेगा पडल्यात, रेशमी कापड हाताला अडकतं. दोन गिऱ्हाइकं दुसरीकडं गेली. आणि पूल झालाच तर या नावेचं काय? एका उन्हाळ्यासाठी एवढं?

आत्याबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "पूल व्हईल तवा व्हईल. पोरीची परीक्षा कवा हाय?"

"फेब्रुवारीत."

"मग?"

१५ जानेवारी, गुरुवार

संक्रांतीची कर आहे आज, चांगलं काम करत नाहीत म्हणतात. पण ट्रॅक्टर आजच मिळाला, म्हणून नाव आजच गंगेत उतरवली. बंधाऱ्यामुळं पाणी तुंबून आहे, ओढ नाही, पण खोल आहे. नारळ फोडला, ओटी भरली.

काठाशीच नाव भरायला लागली. आधी नाळेकडून, मग सगळीकडून. बघता बघता गुडघाभर पाणी आत आणि नाव खाली बसली. काठावरचे हसले. हसण्यासारखंच होतं. हिरवीगार, नाव लिहिलेली, आणि पाण्यात बसलेल्या म्हशीसारखी.

मी रडले नाही, पण चेहरा कसा झाला असेल कुणास ठाऊक. साक्षी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मम्मे, तू बाही चुकली तर काय करतीस?"

"उसवते."

"मग उसव की."

आत्याबाई मात्र शांत होत्या. म्हणाल्या, कोरडं लाकूड हाय, तीसएक वर्षं तहानलेलं. नाळेकडची तेवढी फट परत भर आणि मग बुडीवच तिला. पाणी पिऊ दे. फुगली की आपोआप मिटंल.

१ फेब्रुवारी, रविवार

दोन आठवडे नाव काठाला पाण्यात बुडवून ठेवली होती. लोक म्हणायचे, राजेश्रीनं नाव पुरली. आज पाणी उपसून काढलं, आणि ती वर आली. तासभर बघत बसलो. तळाशी ओल होती, पाणी नव्हतं. अस्तराचे रंग फटींतून बारीक दिसायलेत.

मी वल्हं घेतलं आणि नाव गोल फिरायला लागली. एका जागी, घाण्याच्या बैलासारखी. आत्याबाई काठावरून म्हणाल्या, "जरा दाव इकडं." लुगडं खोचून पाण्यात उतरल्या, नावेत चढल्या आणि वल्हं हातात घेतलं.

काय सांगू. त्यांचे गुडघे दुखतात, ओट्यावरून उतरताना माझा हात धरतात. त्यांनी एक हिसका दिला आणि नाव सरळ सुटली. पार खांबापर्यंत जाऊन वळवून आणली.

"तुम्हाला येतं?"

"तुजा सासरा तापानं पडला की मीच न्यायची."

"मग बाईनं हात लावू नाही म्हणाला होतात ते?"

"म्हणायचं असतं," आत्याबाई म्हणाल्या.

८ फेब्रुवारी, रविवार

रोज सकाळी शिकायलेय. वल्हं खोल नाही घालायचं. मधे थांबायचं नाही. पलीकडचं चिंचेचं झाड धरून जायचं, पाण्याकडं बघायचं नाही. काल पहिल्यांदा एकटी गेले आणि सावरथडीच्या दोन गिऱ्हाइकांची मापं घेऊन आले.

मशीन परत गेलंय. कुणी म्हणतं बिल अडकलं, कुणी म्हणतं डिझेल संपलं. खांब होते तेवढेच आहेत.

आज घाटावर भुजंगभाऊजींनी गाठलं. मला वाटलं भांडायला आले. पण त्यांचा आवाज वेगळाच होता. "वैनी, काकाला ह्याच नावंनं नेलं."

"नावेनं नाही नेलं, भाऊजी. पुरानं नेलं. आता पूर हाय का?"

"मला पवता येत न्हाई," ते म्हणाले. "कायी झालं तर मी नुसता काठावर उभा ऱ्हाईन. मनिषाला पाठवणार न्हाई मी."

मीही त्या जागी असते तर?

संध्याकाळी ह्यांना फोन लावला. नाव तरंगली, म्हणून सांगितलं. पलीकडून कंपनीचा आवाज येत राहिला. मग म्हणाले, "साक्षीला बसवू नको."

"वीस तारखेला परीक्षा आहे."

फोन कट झाला. भाकरी थापेपर्यंत परत आला. "तिला मधल्या फळीवर बसव. कडंला नको." मी बरं म्हणले. मला जे माहीत आहे ते त्यांना सांगितलं नाही. त्यांना सांगायचं असेल तेव्हा सांगतील.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज पहिला पेपर, मराठीचा. आमच्या गल्लीतल्या पोरी घाटावर लवकरच जमल्या. हातात पॅड, प्लास्टिकच्या पिशवीत हॉलतिकीट. एकीची आई नावेला हळदकुंकू लावत होती. दोन खेपा कराव्या लागणार होत्या. पहिल्या खेपेच्या पोरी बसल्या आणि मी दोर सोडायला वाकले, तेवढ्यात ट्रॅक्टरचा आवाज आला.

भुजंगभाऊजी. ट्रॅक्टरच्या मागं हवा भरलेल्या दोन मोठ्या ट्यूबा बांधलेल्या, आणि मडगार्डवर मनिषा, शाळेच्या ड्रेसवर. घरी बसूनही पोरीनं फॉर्म भरला होता हे साक्षीला माहीत होतं, मला नव्हतं. बापाला केव्हा कळलं देव जाणे.

त्यांनी ट्यूबा उतरवल्या, नावेच्या दोन्ही अंगांना बांधल्या. एका बाजूचा मी बांधलेला दोर सोडून त्यांनी परत बांधला. "सैल हाय," एवढंच म्हणाले. मग मनिषाला हाताला धरून आत बसवलं आणि गुडघाभर पाण्यात तसेच उभे राहिले.

मी चिंचेच्या झाडाकडं बघून वल्हं मारायला लागले. पोरींतल्या कुणीतरी समानार्थी शब्द विचारायला सुरुवात केली. नदीला काय, पाण्याला काय, नावेला काय. पलीकडं लागेपर्यंत त्यांचं तेच चाललं होतं.

दुसरी खेप आणायला वळले तर भाऊजी अजून पाण्यातच.

२ मार्च, सोमवार

आज होळी. हे सुट्टीवर येणार होते. दुपारी फोन आला, सावरथडीला उतरलोय. मी म्हणले, "थांबा तिथंच, मी येते."

जाऊन लागले तर हे चिंचेखाली उभे. बारीक झालेत. नावेकडं बघितलं, नाळेवरच्या स्वतःच्या अक्षराकडं बघितलं. खाली वाकून लांबूनच तळाची फळी बघायचा प्रयत्न केला.

"चांगली बसलीय," म्हणाले.

"मागचं दार आहे ते आपलं."

थोडे हसले. मी काठाला हात देऊन नाव धरून ठेवली. त्यांनी चप्पल काढली. पाण्याच्या कडेपर्यंत आले. पाय ओला होईल इतकं जवळ. मग म्हणाले, "तू हो पुढं. मला गंगाखेडला जरा काम आहे, मी रस्त्यानं येतो."

मी 'कसलं काम' असं विचारलं नाही. "बरं. पुरणपोळी झाकून ठेवते," म्हणले, आणि एकटी परत आले. येताना मागं वळून बघितलं नाही. आत्याबाईंनी अंगणातून माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागच्या रिकाम्या वाटेकडं.

होळी पेटल्यावर आले. दोन पोळ्या जास्तच खाल्ल्या.

४ मार्च, बुधवार

सकाळी पोरींना नेताना बघितलं, हे घाटाच्या वरच्या पायरीवर येऊन बसले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना तिथं कधी पाहिलं नाही. साक्षी मधल्या फळीवर बसली होती, तिनं हात हलवला. त्यांनीही हलवला. आम्ही परत आलो तेव्हा ते दोन पायऱ्या खाली होते. भुजंगभाऊजी शेजारी बसलेले.

दुपारी ह्यांनी विचारलं, "तुझ्या हाताला हे काय झालं?" मी म्हणले, डांबर. त्यांनी खोबरेल तेलाची वाटी आणून ठेवली.

५ मार्च, गुरुवार

हे आज जाणार होते. रस्त्यानं जायचं तर पहाटेच निघावं लागतं. उठून बघते तर अंथरूण रिकामं, बॅगही नाही. न सांगता गेले असं वाटून मन खट्टू झालं. तरी सवयीनं भाकरी-ठेचा बांधला आणि पोरींची वेळ व्हायच्या आधी वल्हं घेऊन घाटावर गेले.

हे नावेत बसलेले. मधल्या फळीवर, बॅग मांडीवर घेऊन. दोन्ही बाजूंच्या कडा हातांनी घट्ट धरलेल्या, बोटं पांढरी पडलेली. पॅन्ट मांड्यांपर्यंत भिजलेली होती, म्हणजे पाण्यातून चालत आले होते.

कधीपासून बसलात, असं मी विचारलं नाही. आत चढले. नाव थोडी हलली, त्यांनी डोळे मिटले आणि उघडले.

मी भाकरी त्यांच्याजवळ ठेवली.

"कुठं बघायचं?" त्यांनी विचारलं.

"चिंचेकडं," मी म्हणले, आणि दोर सोडला.